बिघडलेला चेहरा आणि दुरुस्तीचा धर्म

मनुष्याच्या हातून जे बिघडते ते पुन्हा नीट करावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि चांगलीही आहे. परंतु नीट करण्याच्या नावाखाली मनुष्य जे जे करतो ते सर्वच नीट करणे असते असे नाही. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणारा आणि एक असत्य झाकण्यासाठी दुसरे असत्य बोलणारा, हेही आपापल्या परीने दुरुस्तीच करीत असतात. त्यांच्या दुरुस्तीने मूळ दोष नाहीसा होत नाही; त्यावर आणखी एक थर मात्र चढतो. म्हणून दुरुस्ती कशाला म्हणावे, ती केव्हा करावी आणि कोणत्या बुद्धीने करावी, हा केवळ कौशल्याचा प्रश्न नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार येथे एका अशा गोष्टीच्या आधारे करावयाचा आहे की जी पन्नास वर्षांपूर्वी सामान्य गृहस्थाच्या घरी कोणाला ठाऊक नव्हती, आणि आज लहान शहरांतूनही ठाऊक झाली आहे. चेहरा सुंदर दिसावा म्हणून त्यात सुईने द्रव्य टोचून घेतात. कोणी ओठ भरून घेतो, कोणी गाल, कोणी नाकाचा कणा उंच करवितो, कोणी कपाळावरच्या आठ्या घालवितो. हे काम अकुशल हातांनी झाले म्हणजे ओठ वेडेवाकडे होतात, पापणी लोंबते, गालात गाठी धरतात. क्वचित त्वचा मरते, आणि अगदी क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी त्या मनुष्याने काय करावे? ज्याच्या हातून बिघडले त्याचे कर्तव्य काय? आणि घरच्या मंडळींनी त्याच्याशी कसे वागावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण वस्तुस्थितीच्या अज्ञानावर उभारलेला उपदेश निष्फळ होतो. ही द्रव्ये मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिली जात स्नायू सैल करणारी. बोट्युलिनम नावाच्या विषाचे अत्यल्प प्रमाण स्नायूत टोचले असता तो स्नायू काही महिने शिथिल राहतो. बोटॉक्स हे या औषधाचे एक प्रसिद्ध व्यापारी नाव. अमेरिकेतील नेत्रचिकित्सक ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपाय म्हणून त्याचा अभ्यास केला. १९८९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांच्या विकारांसाठी त्यास मान्यता दिली, आणि भुवयांमधील आठ्यांसाठी ती २००२ मध्ये मिळाली. दुसरी जात भरण्याच्या द्रव्यांची, ज्यांना फिलर म्हणतात. त्यांपैकी हायल्युरॉनिक ॲसिड हे फार वापरले जाते. हा पदार्थ आपल्या शरीरात मुळातच असतो. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळा काढला. याखेरीज कॅल्शियमचे एक संयुग, पॉलिलॅक्टिक ॲसिड व इतर काही द्रव्येही वापरतात. यांपैकी पॉलिलॅक्टिक ॲसिडला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली ती एच.आय.व्ही.च्या रुग्णांचे खोल गेलेले गाल भरून काढण्यासाठी. यावरून एवढे स्पष्ट होते की सुई स्वतः दोषी नाही. ज्या सुईने तिरळ्या बालकाची दृष्टी सरळ होते, तिनेच कोणाचा चेहरा बिघडतो. दोष पाहावयाचा तो हेतूत, प्रमाणात आणि हातात.

आता कोणी विचारवंत गृहस्थ म्हणेल, "शरीर नाशवंत आहे. आज ना उद्या चेहरा सुकावयाचाच. मग तो बिघडला म्हणून एवढा शोक कशाला, आणि तो सुधारण्यासाठी खटपट तरी कशाला?" हा आक्षेप ऐकण्यास उदात्त वाटतो, परंतु तो अपुरा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरास क्षेत्र म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. शेत आणि शेतकरी हे एक नव्हेत हे खरे. पण शेतात कोणी खारे पाणी सोडले असता "मी म्हणजे शेत नव्हे" असे म्हणून शहाणा शेतकरी बांधावर बसून राहत नाही. तो चर खणतो व पाणी बाहेर काढतो. शरीराहून आपण भिन्न आहोत हे ज्ञान शरीराची हेळसांड करण्यासाठी सांगितलेले नाही. शिवाय येथे प्रश्न निव्वळ रूपाचा नसतो. ओठ विकृत झाला तर घास नीट घेता येत नाही आणि शब्द नीट उच्चारता येत नाही. पापणी लोंबली तर पाहण्यास अडथळा होतो. गाठीत पू झाला तर ज्वर येतो. आणि चेहरा हे मनुष्याने मनुष्यास ओळखण्याचे साधन आहे. मूल आईचे प्रेम प्रथम तिच्या चेहऱ्यावरच वाचते.

आपल्या देशाने चेहऱ्याच्या दुरुस्तीस कधी हीन मानले नाही. कापलेले नाक व फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे विधी सुश्रुतसंहितेत वर्णिलेले आहेत. ही विद्या ग्रंथातच राहिली नव्हती याचे एक प्रमाण महाराष्ट्रातले आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने अभ्यास केला व १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या पुण्याच्या कारागिराची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचे नाकाच्या आकाराचे माप केले, ते माप कपाळावर सपाट पसरले, आणि त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढीच त्वचा घेतली. मेण त्याने मापासाठी वापरले. शरीरात ठेवले नाही.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी युरोपात मेणाचा दुसराच उपयोग सुरू झाला. १८९९ मध्ये व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी रोगामुळे एक अवयव गमावलेल्या तरुणाच्या शरीरात, उणीव भरून यावी म्हणून, व्हॅसलीन टोचले. हेतू दयेचा होता. परंतु ही युक्ती लवकरच चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी वापरली जाऊ लागली. खनिज मेण पातळ करून नाकात व गालात भरण्याची रूढी पडली. ते जागेवरून सरके, त्याच्या भोवती कठीण गाठी होत, आणि रक्तवाहिनीत शिरले तर अंधत्व येई. आपल्या काळातील प्रसिद्ध सुंदरी ग्लॅडिस डीकन, जी पुढे मार्लबरोची डचेस झाली, तिने तारुण्यातच कपाळापासून नाकापर्यंतची रेषा ग्रीक मूर्तीसारखी सरळ व्हावी म्हणून नाकाच्या कण्यात मेण भरून घेतले. ते ओघळले आणि तिचा चेहरा विद्रूप झाला. १९७७ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ती वारली. म्हणजे क्षणभराच्या इच्छेचे ते ओझे तिला सत्तर वर्षांहून अधिक काळ वाहावे लागले. मेण गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास द्रवरूप सिलिकॉन आले. तेही तसेच सरकते आणि गाठी करते. सौंदर्यासाठी ते टोचण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कधीही मान्यता दिलेली नाही. या सर्व इतिहासाचा बोध एकच आहे: आत घालणे क्षणाचे काम असते, बाहेर काढणे कधी कधी जन्माचे काम होऊन बसते.

येथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्याहून कठोर आहे. लोक म्हणतात, "कावसजीचे नाक शत्रूने कापले, त्याची दुरुस्ती योग्यच होती. परंतु ज्याने हौसेने, पैसे मोजून, स्वतःचा चेहरा बिघडवून घेतला त्याची कीव का करावी? करावे तसे भरावे." हे वाक्य आपल्या घराघरांत सहज उच्चारले जाते, म्हणून याचा विचार विशेष काळजीने केला पाहिजे.

कर्माचा सिद्धांत मनुष्याने स्वतःच्या आचरणावर लावावयाचा आहे. दुःखात पडलेल्या दुसऱ्या मनुष्याच्या पाठीवर ओढण्यासाठी तो चाबूक नाही. मद्य पिऊन पडलेल्या मनुष्याचा पाय मोडला तर चिकित्सक आधी हाड बसवितो, "तू प्यायलास का?" याचे उत्तर मिळेपर्यंत तो हात बांधून उभा राहत नाही. शिवाय कर्माचा हिशेब तरी नीट मांडला पाहिजे. हौस ज्याची होती त्याची. पण अकुशलता कोणाची? लोभ कोणाचा? भेसळ कोणाची? २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले की नकली किंवा अयोग्य रीतीने दिलेल्या बोट्युलिनमच्या टोचण्यामुळे ११ राज्यांतील २२ व्यक्तींना अपाय झाला. या २२ जणांना जे भोगावे लागले ते केवळ त्यांच्या हौसेचे फळ होते असे कोणता न्यायी मनुष्य म्हणेल?

आणि ती हौस तरी कोठून आली? स्थळ पाहावयास आलेली मंडळी मुलीच्या ओठांविषयी बोलतात. मावशी नाकाविषयी बोलते. मित्र मित्राच्या गालावरच्या खड्ड्यांची थट्टा करतात. लग्नाच्या छायाचित्रांसाठी सगळे घर चेहऱ्याची चर्चा करते. वीस वर्षे ज्या घराने मुलीला तिच्या चेहऱ्यातले उणे दाखविले, त्या घराने तिने ते उणे भरून काढण्याचा अविचारी उपाय केल्यावर "हे तुझे कर्म" असे म्हणणे हा अन्याय आहे. त्या कर्मात घराचाही वाटा आहे, आणि दुरुस्तीतही त्याचा वाटा असला पाहिजे.

तात्पर्य, बिघडलेला चेहरा सुधारून घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे. इतकेच नव्हे, अपाय होत असेल तर ते त्याचे कर्तव्य आहे. परंतु येथेच खरी परीक्षा सुरू होते. ज्या अतृप्तीने पहिली सुई टोचवली तीच अतृप्ती "दुरुस्ती" हे नाव घेऊन दुसरी, तिसरी व दहावी सुई टोचवू शकते. म्हणून दुरुस्तीस एक क्रम आहे, आणि तो पाळला पाहिजे.

पहिली पायरी वेळ ओळखण्याची. काही प्रसंगी क्षणाचाही विलंब करू नये. फिलर टोचल्यानंतर त्वचा पांढरी पडली, तीवर जाळीसारखे निळसर डाग उठले, असाधारण वेदना होऊ लागल्या किंवा डोळ्यापुढे अंधारी आली, तर द्रव्याने रक्तवाहिनी अडविली असण्याचा संभव असतो. अशा वेळी घरगुती लेप लावणे किंवा उद्या पाहू असे म्हणणे घातक ठरते. त्वचेच्या बाबतीत तास मोलाचे असतात, आणि डोळ्याच्या बाबतीत मिनिटे. त्याचप्रमाणे बोट्युलिनम टोचल्यावर गिळणे, बोलणे किंवा श्वास घेणे कठीण वाटू लागले तर तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. याच्या उलट अनेक प्रसंगी थांबणे हाच उपाय असतो. टोचल्यानंतरची सूज व काळे-निळेपण काही दिवसांत उतरते. बोट्युलिनमचा पूर्ण परिणाम दिसावयास सुमारे दोन आठवडे लागतात आणि तो साधारणतः तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्याचा परिणाम पुसून टाकणारे औषध नाही. लोंबलेली पापणी डोळ्यात थेंब घालून थोडी उचलता येते, परंतु ती मुख्यतः काळानेच, काही आठवड्यांत, पूर्ववत होते. घाई करावयाची तेथे घाई आणि धीर धरावयाचा तेथे धीर, यांचा भेद ओळखणे याचेच नाव विवेक. घाबरलेला मनुष्य बहुधा याच्या उलट करतो: जेथे धावावयाचे तेथे लाजून घरी बसतो, आणि जेथे थांबावयाचे तेथे चौथ्या दिवशी नवा उपाय शोधीत फिरतो.

दुसरी पायरी सत्य सांगण्याची. काय टोचले, किती टोचले, केव्हा व कोणी टोचले, हे दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरास ठाऊक असलेच पाहिजे. येथे सत्य हा केवळ नैतिक अलंकार नाही. औषधाची निवड त्यावर अवलंबून असते. हायल्युरॉनिक ॲसिड विरघळविणारे एक द्रव्य आहे. त्यास हायल्युरॉनिडेज म्हणतात. ते टोचल्यावर फिलर काही तासांपासून एक-दोन दिवसांत विरघळू लागते. परंतु आत कॅल्शियमचे संयुग, ॲक्रिलिकचे कण किंवा सिलिकॉन असेल तर या औषधाचा त्यावर काही परिणाम होत नाही. लाजेने सत्य लपविणारा रुग्ण डॉक्टरास अंधारात सुई चालवावयास लावतो. मधमाशीच्या दंशाने ज्यास पूर्वी तीव्र त्रास झाला असेल त्याने तेही सांगितले पाहिजे. कारण मधमाशीच्या विषातही हेच विरघळविणारे द्रव्य असते, आणि अशा मनुष्यास औषधाचीच ॲलर्जी होण्याचा धोका असतो. सत्याचा हा नियम पहिल्या टोचणाऱ्यावर अधिकच बंधनकारक आहे. त्याच्याकडील कुपीचे नाव व तुकडीचा क्रमांक हे रुग्णाच्या हाती दिले पाहिजेत. हातून चूक होणे हा मनुष्यधर्म आहे. पण आपले नाव राखण्यासाठी नोंद लपविणे हा दुसरा अपराध आहे, आणि तो पहिल्याहून मोठा आहे, कारण पहिला अज्ञानाने घडला असेल, दुसरा मात्र जाणून केलेला असतो.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे: भर न घालता काढणे. डावा ओठ वर गेला म्हणून उजव्यात आणखी भरावे, त्यामुळे हनुवटी लहान दिसू लागली म्हणून तीत भरावे, मग गाल सपाट वाटू लागले म्हणून गालात भरावे, असा हा फेरा आहे. प्रत्येक वेळी कारण योग्यच वाटते, आणि अखेर मनुष्याचा चेहरा त्याचा राहत नाही. अमेरिकेतील अभिनेत्री कोर्टनी कॉक्स हिने २०१७ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की थोडे थोडे करीत किती थर चढले हे आपल्या लक्षातच आले नाही, आणि शेवटी आपण चेहऱ्यातले सर्व फिलर विरघळवून घेतले. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईच्या उर्फी जावेद हिने ओठांतील फिलर विरघळविताना सुजलेला आपला चेहरा स्वतःच चित्रफितीतून लोकांना दाखविला. ते चुकीच्या जागी बसले होते असे तिने सांगितले. लोकांनी थट्टा केली. परंतु जिची उपजीविका रूपावर आहे तिने काही दिवस विरूप दिसण्याचे धैर्य दाखविले, यातून घरात दडून बसलेल्या पुष्कळांनी धीर घ्यावा.

कारण काढून टाकणे हे भरण्यापेक्षा मनास जड जाते. फिलर विरघळल्यावर जो चेहरा आरशात दिसतो तो पूर्वीच्या आठवणीतल्या चेहऱ्यासारखा वाटत नाही. डोळ्यास भरलेपणाची सवय झालेली असते. ताणलेली त्वचा काही काळ सैल दिसते. जे मुळात होते तेही उणे भासते. याच घटकेला मोह होतो की आजच्या आज पुन्हा भरून घ्यावे. जाणते डॉक्टर सहसा निदान दोन आठवडे थांबावयास सांगतात, सूज उतरावी व खरी स्थिती दिसावी म्हणून. शरीरासाठी सांगितलेली ही मुदत मनासाठीही उपयोगी आहे. त्या दिवसांत मनुष्याने स्वतःस प्रामाणिकपणे विचारावे: मला झालेला अपाय दूर करावयाचा आहे, की जे हवे होते तेच पुन्हा एकदा मिळवून पाहावयाचे आहे? पहिली इच्छा दुरुस्तीची आहे. दुसरी इच्छा दुरुस्तीची नाही. ती पहिलीच हौस आहे, फक्त तिने जखमेचे निमित्त धरले आहे. या दोहोंतला भेद बाहेरून दिसत नाही. डॉक्टर तो ओळखू शकेलच असे नाही, घरचेही नाही. तो ज्याचा त्यालाच आतून कळतो.

चौथी पायरी उरलेले स्वीकारण्याची. प्रत्येक बिघाड पुरता नाहीसा होत नाही. न विरघळणाऱ्या द्रव्यांच्या गाठींवर स्टेरॉइड टोचतात, काही वेळा शस्त्रक्रिया करतात; परंतु सर्व द्रव्य निघेलच अशी शाश्वती नसते, आणि शस्त्राचा व्रण मागे राहतो. गेलेली दृष्टी तर क्वचितच परत येते. येथे कुशल चिकित्सकाने "आता याहून अधिक करू नये" असे सांगण्याचे धैर्य दाखवावे, आणि रुग्णाने ते ऐकण्याचे. हा पराभव नव्हे. पुण्याच्या त्या कारागिराने माप घेतले होते, म्हणून किती त्वचा घ्यावयाची व कोठे थांबावयाचे हे त्यास ठाऊक होते. ज्या दुरुस्तीस माप नाही ती दुरुस्ती दुसरा बिघाड होते.

आता टोचणाऱ्यांच्या धर्माविषयी. इंग्लंडात २०१३ मध्ये सर ब्रूस कीओ यांच्या समितीने सरकारास बजावले की फिलरसारख्या द्रव्यांच्या बाबतीत ग्राहकास जवळजवळ काहीच संरक्षण नाही. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोट्युलिनम किंवा फिलर टोचणे हा गुन्हा ठरविण्यात आला. आपल्या देशात २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यविषयक उपचार व केशरोपण यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून हे शिक्षण पुरे होत नाही असे स्पष्ट केले. तरीही ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत, सवलतीच्या दरात, सणासुदीच्या आधी सुया टोचल्या जातात. ज्यास बिघडलेले सुधारता येत नाही त्याने घडवावयास हात घालू नये, हा प्रत्येक विद्येचा नियम आहे. सारथ्यास रथ थांबविता येत नसेल तर तो चालविण्याचा त्यास अधिकार नाही. विरघळविणारे औषध हाताशी नसताना व ते वापरण्याचे ज्ञान नसताना फिलर टोचणारा मनुष्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जुगार खेळतो. जो डॉक्टर दुसऱ्याने बिघडविलेले सुधारावयास बसतो त्याचीही कसोटी आहे. त्याने पहिल्याची निंदा करून आपले दुकान वाढवू नये, आणि रुग्णाच्या भीतीचा लाभ घेऊन अनावश्यक उपचार गळ्यात मारू नयेत.

ज्याचे नुकसान झाले त्याने दाद मागावी काय? काही सात्त्विक मंडळींना यात सूडाचा वास येतो. परंतु क्षमा आणि मौन एक नव्हेत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. द्वेष न ठेवता, अतिशयोक्ती न करता, पुरावा जपून न्याय मागणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. कारण आपण लाजून गप्प बसलो तर तीच सुई उद्या दुसऱ्याच्या मुलीच्या गालात शिरेल. मनातला क्रोध सोडावा. हातातला पुरावा सोडू नये.

शेवटी घरच्यांविषयी. गीतेने दैवी संपत्तीत दयेच्या जोडीने अपैशुनही गणले आहे. म्हणजे दुसऱ्याचे व्यंग पाठीमागे बोलत न फिरणे. बिघडलेला चेहरा घेऊन जो घरी आला आहे त्याच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे. नातेवाइकांना त्याची छायाचित्रे पाठवू नयेत. "पूर्वी किती छान दिसत होतीस" हे वाक्य उच्चारू नये. किती पैसे घातलेस, हा प्रश्न उपचार पुरा होईपर्यंत ठेवून द्यावा. पतीने सोबत डॉक्टरकडे जावे; आईने जेवताना समोर बसावे; सासूने दार वाजविणाऱ्या शेजाऱ्यांना कौतूहलाची संधी देऊ नये. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरातल्या इतर मुलामुलींच्या नाकाडोळ्यांविषयी बोलण्याची सवय त्याच दिवसापासून सोडावी. ही दुरुस्ती कोणत्याही औषधाने होत नाही. ती घरानेच करावयाची असते, आणि चेहऱ्यावरच्या दुरुस्तीचे यश पुष्कळसे तिच्यावर अवलंबून असते.

चेहऱ्याच्या बाबतीत जे खरे तेच आयुष्यातील इतर बिघाडांच्या बाबतीतही खरे आहे. भांडण बिघडले, व्यवहार बिघडला, संततीचे वळण बिघडले, तर मनुष्य प्रथम काहीतरी आणखी घालावयास धावतो: आणखी शब्द, आणखी पैसा, आणखी धाक. त्याने आधी थांबून पाहावे, झाले ते खरे सांगावे, जे आपण घातले असेल ते शक्य तेवढे काढून घ्यावे, आणि जे निघत नाही त्यासह जगावयास शिकावे. आपल्या ओळखीत कोणाच्या चेहऱ्यावर असा प्रसंग आला असेल तर आज त्याच्याकडे जावे, त्याच्या डोळ्यांकडे पाहून नेहमीसारखे बोलावे, आणि डॉक्टरकडे जाताना सोबत येऊ का, एवढेच विचारावे.